नवरदेवाविना चुडा

बाजाराच्या दिवशी, डोक्यावरची बांगड्यांची पेटी खाली न ठेवताच ठाण्याच्या पायरीवर उभी राहिलेली ती कासारीण माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. पोलीस खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्याला टाकेही पडले. पण आता सकाळी सोलापुरात सात रस्ता चौकाकडे फिरायला गेल्यावर कुणी ओळखीचा म्हणाला, ‘साहेब, नोकरीतली एखादी केस सांगा,’ तर ओठांवर पहिल्यांदा हीच येते. नावं मात्र मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली एक जण त्या वेळी अकरा वर्षांची होती, आणि अशा मुलीची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे.

तेव्हा मी अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका लहान पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. चार खोल्या, एक लॉकअप, एक जुनी जीप आणि मंजूर संख्येच्या निम्मी माणसं, एवढंच ते ठाणं. मी मूळचा नातेपुत्याकडचा. कानडीचा मला गंध नव्हता. तिकडची माणसं वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवतात, आणि राग आला किंवा रडू फुटलं की सगळंच कानडीत. त्यामुळे माझी भिस्त आमच्या हवालदार बाईंवर असायची. चाळिशीच्या, त्याच भागात वाढलेल्या, बोलायला मोजक्या बाई होत्या.

कासारणीनं ठाणे अंमलदाराला सांगितलं की आधार कार्ड हरवलंय, दाखला पाहिजे. ठाण्यात येणारा माणूस खरं काम सहसा पहिल्या वाक्यात सांगत नाही. दाखल्यासाठी आलेली बाई दोन-दोनदा रस्त्याकडे वळून बघत नाही. हवालदार बाईंनी तिला आत रायटरच्या, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि मला हाक मारली.

ती म्हणाली, “सायेब, वीस वरसं झाली बांगड्या भरतेय. मंगळवारी एका पोरीला हिरवा चुडा भरायला बलिवलंय. काल माप घेऊन आले. अकरा वरसाची पोर हाय.”

मी बालविवाह समजून कागद पुढं ओढला आणि नवऱ्याकडची माणसं कुठली, ते विचारलं.

“नवरा आसता तर मी बी तसंच म्हनले आसते की. नवरा न्हाय, मांडव न्हाय, पावनं न्हाईत. इचारलं तर म्हनत्यात, देवीसंगं लगीन हाय. पोरीच्या डोक्यात जट आलीया.”

हवालदार बाईंचा चेहरा उतरला. ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. केस बरेच दिवस विंचरले नाहीत, त्यात मळ साचला, की ते गुंतून दोरखंडासारखे होतात. त्याला जट म्हणतात. मुलीच्या डोक्यात जट आली म्हणजे देवीनं तिला बोलावलं, असं मानणारी घरं त्या काळातही होती, आजही कुठं कुठं आहेत. मग मुलीच्या गळ्यात मणी बांधून तिला देवीला सोडतात. तिचं लग्न होत नाही. चार-दोन वर्षांत कुणीतरी माणूस तिला ‘सांभाळायला’ येतो, आणि त्याच्यानंतर आणखी कुणी. नाव देवीचं, भोग माणसाचा. याविरुद्ध राज्यानं स्वतंत्र कायदा केला आहे. समर्पण करणारा, करायला लावणारा, त्यात मदत करणारा असे सगळेच गुन्हेगार ठरतात. कायदा मला पाठ होता. पण तोवर त्याखाली एकही गुन्हा मी दाखल केलेला नव्हता, कारण तक्रार द्यायला कुणी येतच नसे.

कासारीण जाताना एवढंच म्हणाली की, तिचं नाव कुठं येऊ नये, तिला त्याच गावांतून पोट भरायचंय. स्टेशन डायरीत मी ‘गुप्त बातमीदाराकडून’ असं लिहिलं. बांगड्या भरून झाल्या असत्या आणि ती गप्प राहिली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता. तरी ती आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हवालदार बाई साध्या कपड्यांत त्या गावी गेलो. जीप गावाबाहेरच ठेवली. घर पत्र्याचं, दोन खणांचं. मुलीचा बाप दोन वर्षांपूर्वी साप चावून गेलेला. आई लोकांच्या तुरीत खुरपायला जायची. मी ओळखपत्र दाखवल्यावर ती घाबरेल, नाकबूल करेल, अशी माझी अटकळ होती. तसं काहीच झालं नाही. तिनं आम्हाला बसायला पोतं अंथरलं आणि सरळ सांगितलं की, मंगळवारी मुलीला देवीला सोडणार आहे. आधी नवरा गेला, मग म्हैस गेली, मग पोरीच्या डोक्यात जट आली. आता देवीला नाही म्हणायची तिची छाती नव्हती.

मी कायदा सांगितला, शिक्षा सांगितली. शेवटी आवाज चढवून तुरुंगाची भीती घातली. ती शांतपणे म्हणाली, “मला न्या की, सायेब. मी येते. पर कोप झाला तर त्यो पोरीवर व्हईल. तवा तुमी कुटं आसाल?”

खोटं बोलणारा माणूस कायद्याला घाबरतो. जो मनापासून मानतो तो तुरुंगालाही घाबरत नाही. तीस वर्षांची नोकरी झाली होती आणि हे मला त्या पोत्यावर बसून कळत होतं.

तोवर हवालदार बाई मुलीला घेऊन बाहेर लिंबाखाली बसल्या होत्या. मुलगी सहा महिन्यांपासून शाळेत गेली नव्हती. वर्गातल्या काही मुली तिला शिवायला भीत होत्या, काही जणी पाया पडत होत्या. तिला दोन्ही आवडत नव्हतं. बाईंनी तिला देवीबद्दल एक शब्द विचारला नाही. केस दुखतात का, एवढंच विचारलं. मुलगी म्हणाली की जट जड झाली आहे, एकाच कुशीवर झोपावं लागतं, आणि आत खाज सुटली तर आई खाजवू देत नाही. मग आपणहून म्हणाली की आधी नुसत्या उवा होत्या. अव्वा उवांचं औषध लावायची, पांढरं, दुधासारखं चिकट, वाळल्यावर काळं पडायचं. औषध लावल्यावर महिनाभर फणी लावायची नाही, असं अव्वानंच सांगितलं होतं.

अव्वा म्हणजे गावातली म्हातारी जोगतीण. मंगळवारी मणी बांधणार होती तीच.

जीपकडे परतताना हवालदार बाईंनी मला हे सांगितलं आणि म्हणाल्या, “साहेब, ते औषध नाही. वडाचा चीक आहे. लहानपणी आम्ही त्याचे फुगे करायचो. केसाला लागला तर केस कापावे लागायचे.”

त्याच दिवशी गुन्हा दाखल केला. मुलीला सोलापूरला बालकल्याण समितीपुढं हजर केलं. समितीनं तिला काही दिवस मुलींच्या बालगृहात ठेवायचा आदेश दिला. आई आमच्याबरोबर आली होती. फाटकाशी ती भिंतीला धरून रडली. मुलगी रडली नाही. तिनं हवालदार बाईंना बाजूला घेऊन विचारलं की इथं शाळा आहे का. आहे म्हटल्यावर आत गेली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी महिला पोलिसांनी अव्वाला ताब्यात घेऊन ठाण्यात आणलं. साठीच्या पुढची, कपाळभर भंडारा, हातात देवीची परडी. मी दोन तास चौकशी केली. चीक कुणी लावायला सांगितला? देवीला ठाऊक. मुलगी कुणी निवडली? देवीला ठाऊक. मंगळवारी कोण कोण येणार होतं? तेही देवीलाच ठाऊक. मी वैतागलो. टेबलावर हात आपटला, तर ती हसली. तिनं आयुष्यात माझ्यापेक्षा मोठ्या आवाजाची माणसं पाहिली असणार.

दुपारी हवालदार बाई म्हणाल्या की तुम्ही जरा बाजूला बसा. त्यांनी आपला डबा उघडला आणि कानडीत विचारलं, “अव्वा, ऊटा आतेनु?” जेवलीस का, असं. अव्वानं मान हलवली. दोघी एकाच डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खायला बसल्या. आरोपीबरोबर जेवण्याची तरतूद कुठल्या नियमात नाही, मनाईही माझ्या वाचनात नाही. जेवण होत आलं तेव्हा बाईंनी अगदी साध्या आवाजात एक प्रश्न विचारला. तो मला त्यांनी नंतर मराठीत सांगितला. “अव्वा, तुझ्या हातात चुडा कुणी भरला होता?”

म्हातारीचा घास हातातच राहिला. मग जे बोलायला लागली ते थांबेना. नऊ वर्षांची असताना आत्यानं मणी बांधले. नवं लुगडं, गूळ-खोबरं, वाजंत्री. तिला वाटलं सण आहे. चार वर्षांनी बापाच्या वयाचा एक माणूस घरी येऊ लागला तेव्हा सण कसला होता ते कळलं. मुलगी झाली, ती पाच वर्षांची होऊन तापानं गेली. पुढं अंगातली रग संपल्यावर परडी घेऊन दारोदार. हवालदार बाई मला मराठीत सांगता सांगता मध्येच थांबल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. साक्षीदारासमोर किंवा आरोपीसमोर पोलिसानं रडू नये, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. त्या दिवशी मी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला सरकवला.

त्यानंतर अव्वानं ‘पावण्या’बद्दल सांगितलं. पांढऱ्या गाडीतून जत्रांना येणारा एक इसम. लोक त्याला मोठा भक्त समजत. बाप नसलेली, जिच्यामागं कुणी बोलणार नाही, अशी मुलगी तो जत्रेत हेरायचा. ही मुलगीही त्यानंच दाखवली होती. चीकही त्यानंच सांगितला. जट आली की आई आपोआप वळते, मणी बांधले की गाव गप्प बसतं, आणि मग ‘देवीची सेवा’ म्हणून तो मुलीला मोठ्या शहरात घेऊन जायचा. अव्वाला त्यानं राहायला खोली बांधून दिली होती.

मी विचारलं की, स्वतःवर हे सगळं गुजरलं असताना दुसऱ्याच्या पोरीच्या बाबतीत तेच कसं करवलं. या वेळी ती मराठीतच बोलली, माझ्याकडे बघून. “मला बी वाटायचं सायेब, माजं जे झालं ते देवीनंच केलं. तसं न्हवतं म्हनलं, तर मग माजा जलम कशापायी गेला?”

संध्याकाळ व्हायच्या आत, आमच्या सांगण्यावरून, दोन पंचांसमोर तिनं स्वतःच्या फोनवरून त्या इसमाला फोन लावला. आवाज जराही कापला नाही. उद्या हाय, या, असं म्हणाली. पलीकडून तो म्हणाला की सकाळी मोहोळच्या अलीकडे ढाब्यावर चहाला थांबतो, तिथून फोन करतो, पोरगी तयार ठेव. ते सगळं आम्ही रेकॉर्ड केलं आणि पंचनामा केला.

मंगळवारी सकाळी स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाबरोबर आम्ही हायवेवरच्या त्या ढाब्यावर बसलो होतो. पांढरी गाडी आली. माणूस पन्नाशीचा, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं लोण्यासारखं. मी ओळख दिली तर त्यानं आमच्यासाठीच चहा सांगितला. गाडीची झडती घेतली. मागच्या सीटवर लहान मापाचं हिरवं लुगडं होतं, पुडीत मणी होते. खरा पुरावा त्याच्या मोबाइलमध्ये निघाला. वेगवेगळ्या जत्रांत, नकळत काढलेले लहान मुलींचे फोटो. त्या फोटोंवरून पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन घरं सापडली. दोन ठिकाणी आम्ही वेळेवर पोचलो. तिसऱ्या ठिकाणी उशीर झाला होता. त्या मुलीला तिथल्या पोलिसांच्या मदतीनं शहरातून परत आणलं, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिची आठवण आली की या केसबद्दल कुणी केलेलं कौतुक मला नकोसं वाटतं.

आरोपी आत गेला म्हणून काम संपलं नव्हतं. अटकेनंतर आठवड्यानं मुलीची आई ठाण्यात आली. चिकाची हकिगत तिला समजली होती, तिनं मानलीही होती. मला वाटलं, आता जट काढायला हरकत घेणार नाही. पण ती म्हणाली, “जट मान्सानं केली आसंल. पर शब्द म्या दिलाय, सायेब. देवीपुढं हुबी राहून म्या माज्या तोंडानं दिलाय. त्यो कसा मोडू?”

मी तिला शास्त्र सांगू लागलो. हवालदार बाईंनी मला थांबवलं आणि आईलाच विचारलं की, मग काय केलं म्हणजे तुझं मन शांत होईल. ती म्हणाली, “तुमी कागद लिवून द्या. आन् देवीला वाचून दावा.”

मी तिच्या नावे प्रतिबंधात्मक नोटीस काढली. कायदा, कलम, मुलीचं समर्पण करण्यास मनाई, उल्लंघन केल्यास होणारी शिक्षा, सही, शिक्का. दुसऱ्या दिवशी गणवेशात तिच्या घरी गेलो. बूट बाहेर काढले, टोपी काखेत धरली आणि कोनाड्यातल्या देवीसमोर उभा राहून ती नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचली. ‘सदर कृत्य हे कायद्याने प्रतिबंधित असून’ वगैरे सरकारी मराठी त्या पत्र्याच्या घरात मलाच विचित्र वाटत होतं. एका पोलीस अधिकाऱ्याला हे शोभतं का, असाही प्रश्न मनात आला. मग आईकडे पाहिलं. ती हात जोडून, एकेक शब्द देवीच्या कानावर पडतोय की नाही हे बघत उभी होती. मी वाचायचा थांबल्यावर ती म्हणाली, “आई, ऐकलंस न्हवं? म्या तयार हुते. सरकार न्हाय म्हनतंय. आता काय आसंल ते तू आन् सरकार बघून घ्या.”

आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच असेल, ती मोकळं हसली.

दोन दिवसांनी समितीच्या परवानगीनं सरकारी दवाखान्यात जट काढली. डॉक्टर बाईंनी आधी मुलीला कात्री दाखवली, मग हळूहळू कापत गेल्या. आईनं मुलीचा हात धरला होता आणि डोळे मिटले होते. काही झालं नाही. वीज पडली नाही, कुणाला चक्कर आली नाही. मुलीनं डोक्यावरून हात फिरवला, मान इकडून तिकडे हलवून पाहिली आणि विचारलं की, आता दोन्ही कुशींवर झोपलं तर चालेल ना. महिन्याभरानं समितीनं तिला आईच्या ताब्यात दिलं, आणि गावच्या मुख्याध्यापकांनी स्वतः येऊन तिला वर्गात नेऊन बसवलं.

खटला चालायला वेळ लागला. अव्वानं माफीचा साक्षीदार व्हायची तयारी दाखवली. कोर्टानं माफी मंजूर केली तरी ती ऐन वेळी फिरेल, अशी सरकारी वकिलांना धास्ती होती. ती आली ती कपाळावर भंडारा न लावता, साध्या जुन्या लुगड्यात. शपथ झाली. नाव, वय, गाव असे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. मग नवऱ्याचं नाव विचारलं. आजवर प्रत्येक कागदावर तिनं त्या जागी देवीचं नाव सांगितलेलं होतं. रेशनकार्डावरही तेच होतं. ती म्हणाली, “माजं लगीन झालेलं न्हाय. तवा बी झालं नव्हतं.”

टंकलेखकानं न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी जसं सांगितलं तसं लिहून घ्यायला सांगितलं. पुढची सगळी साक्ष तिनं न अडखळता दिली. आरोपीला शिक्षा लागली.

ती मुलगी आता सोलापुरात आयटीआयला वीजतंत्रीचं शिक्षण घेते. वर्गात मुली दोनच आहेत, असं तिच्या आईनं मध्यंतरी भेटल्यावर तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण चेहरा अभिमानाचा होता. अव्वा दोन वर्षांमागं वारली. शेवटची काही वर्षं ती आसपासच्या गावांत जिच्या डोक्यात जट दिसेल तिच्या घरी जाऊन बसायची आणि चिकाची हकिगत सांगायची. काही घरांनी तिला हाकलून दिलं, काही घरांनी ऐकलं.

नोकरीला लागलो तेव्हा कायदा म्हणजे दंडुका, असं मला वाटायचं. या केसनं शिकवलं की भीतीनं बांधल्या गेलेल्या माणसाला कायद्याचा आधारही लागतो. त्या आईला मनातून मुलगी द्यायचीच नव्हती. नाही म्हणण्याचं ओझं तिला एकटीला पेलत नव्हतं. ते सरकारनं उचललं आणि तिची सुटका झाली. दुसरं शिकलो ते हवालदार बाईंकडून. त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथं मुलींच्या खरेदी-विक्रीत पकडलेली एखादी म्हातारी समोर आली की माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना मी एकच सांगायचो: तिनं काय केलं ते नंतर विचारा, आधी तिला जेवलीस का ते विचारा, आणि मग विचारा की हे तिच्यावर गुजरलं तेव्हा ती स्वतः किती वर्षांची होती.